तेविसाव्या कपाटाची किल्ली

३ मे

ती. मामास,

सादर नमस्कार. मामीला वेगळा नमस्कार. तुझ्यातला वाटा देऊन भागवू नकोस.

बातमी आधी, चौकशी नंतर. जानेवारीत तू पाकिटातून पाठवलेला चामड्याचा तुकडा आठवतो ना? सुट्टीत तुझ्या ग्रंथालयात आले होते, तेव्हा त्या जाडजूड कोशाच्या पाठीवर हिरवी बुरशी दिसली आणि मी मागे लागले, "मामा, नखाएवढा तुकडा दे, प्रयोगशाळेत नेते." तेव्हा तू असं बघितलंस, जणू मी तुझं नाक मागितलं. पण पंधरा दिवसांनी पाठवलास, तोही नखाएवढा नाही, चांगला बोटभर. वर तुझ्या मोत्यासारख्या अक्षरात चिठ्ठी: "कोश, खंड दुसरा. पाठीचं चामडं, खालून चार बोटं." आमच्याकडे इतकी नेटकी चिठ्ठी कुणी लावत नाही. आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी ती सगळ्यांना फिरवून दाखवली.

तर त्या बुरशीने कमाल केली. वरची खपली काढून बशीत ठेवली, शेजारी एक जंतू पसरला. हा जंतू सध्याच्या कुठल्याच औषधाला भीक घालत नाही. चौथ्या दिवशी बघते तर बुरशीभोवती बोटभर रुंद स्वच्छ कडं! त्या कड्यात जंतू औषधालाही नाही. यंत्रात तपासलं, तर एक असा पदार्थ निघाला जो कुठल्याच यादीत नाही. मॅडमनी बुरशी माझ्या हवाली केली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा काहीतरी माझं एकटीचं.

मग आम्ही तिचा जीनोम वाचला, म्हणजे तिच्या पेशीतलं सगळं लिखाण, पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत. साडेतीन कोटी अक्षरं. तुझ्या भाषेत सांगायचं तर ते एक ग्रंथालय आहे आणि त्यात एकेचाळीस कपाटं अशी आहेत, की एकेका कपाटात एकेक पदार्थ बनवायची कृती ओळीने लावून ठेवलेली. नऊ कपाटांत काय आहे ते जगाला ठाऊक आहे. बाकीची बंद. आमचा पदार्थ तेविसाव्यातला, असं कॉम्प्युटर बऱ्यापैकी छातीठोक सांगतोय.

आता रडगाणं. तीच बुरशी नव्या बशीत वाढवली, तर मजेत वाढते, पण पदार्थ देत नाही. एकदाच दिला, मग कपाटाला जे कुलूप लागलं ते लागलं. मॅडमनी ऑगस्टअखेरची मुदत दिली आहे. तोवर पदार्थ पुन्हा मिळाला तर काम पुढे. नाही तर बुरशी उणे ऐंशी अंशांच्या फ्रीजरमध्ये आणि मी परत दुसऱ्यांच्या बश्यांवर नंबर घालायला.

मला वाटतं, किल्ली त्या चामड्यातच असणार. तेव्हा त्याच कोशाच्या त्याच पाठीवरून अजून एक तुकडा पाठव. लगेच.

तुझी भाची


११ मे

चि. भाचीस,

अनेक आशीर्वाद. एक राखून ठेवला आहे, अक्षर सुधारलंस की पाठवीन.

तुझं पत्र दोनदा वाचलं, एकदा आनंदाने आणि एकदा अर्थ कळावा म्हणून. बुरशीची साडेतीन कोटी अक्षरं वाचलीस म्हणतेस. मी दिलेलं दोनशे पानांचं व्याकरण तुला तीन उन्हाळ्यांत संपवता आलं नव्हतं, याची नम्र नोंद करतो. एकेचाळीस कपाटं आणि बत्तीस बंद, हे मी आमच्या मुख्य ग्रंथपालांना सांगितलं. ते म्हणाले, "आपल्यापेक्षा बरं चाललंय की त्यांचं."

आता तुकड्याविषयी. कोश सध्या दोन फळ्यांमध्ये, वर स्क्रू आवळून, दाबात ठेवला आहे. पाठ नव्याने बसवली आहे, ती सुकायला हवी. अशा वेळी पुस्तक बाहेर काढणं म्हणजे प्लास्टरमधला पाय बाहेर काढून खाज नेमकी कुठे आहे ते बघणं. तीन आठवडे तरी धीर धर.

शिवाय एक प्रामाणिक शंका. तुमचं चामड्यावर एवढं का अडलंय? बुरशीला काय, मिळेल तिथे पथारी पसरते. मौनव्रत घेतलेल्या माणसाला त्याच्या मूळ गावी नेलं म्हणून तो बोलतोच असं नाही.

तुझा मामा

(मामी लिहिते: पोरी, मुदतीची काळजी करून जेवण सोडू नकोस. इथे सगळं ठीक. फक्त ह्यांचं एक कोडं आहे. इतक्या उकाड्यात हे बूटमोजे घालून कामाला जातात. चपला कुठे गेल्या म्हणून विचारलं तर म्हणाले, "झिजल्या." जानेवारीपासून झिजतायत. तुला काही बोलले का?)


२ जून

ती. मामास, नमस्कार.

तीन आठवडे झाले. फळ्यांमधून सुटला का कोश?

इथे मी त्या बुरशीची सासुरवाडी चालवतेय. जे मागेल ते, न मागेल तेही. चामडं उकळलेलं पाणी, सरस, बटाट्याचं पाणी, मध, ओट, लाकडाचा भुसा, जुन्या कागदाचा लगदा. चौदा प्रकार झाले. सगळं मिटक्या मारत खाते आणि तेविसाव्या कपाटाच्या नावाने ढिम्म. तुझ्या पहिल्या तुकड्याचं चामडंसुद्धा, नियमाप्रमाणे निर्जंतुक करायला वाफेच्या यंत्रातून काढून, खाली अंथरून पाहिलं. जावयासारखी बसली वर. काम शून्य.

एक गंमत मात्र सापडली. तेविसाव्या कपाटाला अगदी खेटून एक जनुक आहे. त्याचं काम तांबं सांभाळायचं: लागेल तेवढं आत घ्यायचं, जास्त झालं तर हाकलून द्यायचं. पुस्तकाच्या पाठीत तांबं कुठून येणार? मॅडम म्हणाल्या, "शेजारी राहतो म्हणून नातेवाईकच असेल असं नसतं." आमच्या नेहमीच्या खाद्यात तांबं कणभर असतंच आणि त्याने काही झालं नाही, म्हणून तो धागा सोडला.

गेल्या आठवड्यात मी ऐंशी लोकांसमोर हे काम मांडलं. पडद्यावर तुझ्या चामड्याचा फोटो, खाली मोठ्या अक्षरात "दोनशे वर्षांपूर्वीची ग्रंथबांधणी." लोक पुढे वाकून बघत होते. आणि लहानपणी तू मला वह्यांना चिठ्ठ्या लावायला शिकवताना म्हणायचास ते मी त्यांना सांगितलं: "चिठ्ठी चुकली की ग्रंथ मेला." टाळ्या पडल्या, मामा! तुझ्या वाक्याला.

तुकडा पाठव ना आता.

तुझी भाची


१० जून

चि. भाचीस, आशीर्वाद.

टाळ्यांबद्दल वाचलं. ते वाक्य माझं असलं तरी इतक्या लोकांना सांगायची काय घाई होती?

कोश दाबातून सुटला, पण दुसरं विघ्न उभं आहे. ग्रंथालयाच्या वस्तूचा अंश बाहेर द्यायचा तर अर्ज तीन प्रतींत हवा. पहिली प्रत मुख्य ग्रंथपालांना, दुसरी दप्तरी, तिसरी कुणालाच नाही, ती हरवण्यासाठी असते. "मग जानेवारीत कसा दिलास?" असं तू विचारशील. विचारू नकोस.

त्यापेक्षा मीच एक विचारतो. पूर्वपक्ष समज. एखाद्या शोधात सगळं खरं आहे, बुरशी खरी, कडं खरं, पदार्थ खरा. फक्त वस्तू आली कुठून, एवढी एकच चिठ्ठी समजा चुकीची आहे. तर सिद्धान्ताला कितपत बाध येतो? फार, की जरासा? सवडीने कळव. केवळ जिज्ञासा.

मामी म्हणते, मला भूक लागत नाही हे तुला कळवावं. कळवलं.

तुझा मामा


१९ जून

ती. मामास,

मला सगळं कळलं.

तू माझ्यावर रागावला आहेस. सुट्टीत मी मामीला म्हणाले होते की मामाचं काम म्हणजे दिवसभर खळ लावायची आणि वाळायची वाट बघायची. तू शेजारच्या खोलीत होतास, ऐकलंस. म्हणून तुकडा देत नाहीस, म्हणून कोड्यात बोलतोस, म्हणून जेवत नाहीस. मामा, चुकलं. मी स्वतः दिवसभर बशीत बुरशी लावते आणि वाढायची वाट बघते. मी कुठल्या तोंडाने हसणार?

चिठ्ठीच्या शंकेचं उत्तर: फार. फारच. वस्तू कुठली, हे चुकलं की पुढचे सगळे प्रयोग आंधळी कोशिंबीर. पण तुझी चिठ्ठी आणि चूक? माझा आपला त्या कागदावर डोळे झाकून विश्वास आहे.

अर्जाची कटकट मी मिटवली. मॅडमनी तुमच्या मुख्य ग्रंथपालांना सरळ पत्र लिहिलंय. चार जुलैला मी स्वतः सुरी घेऊन येते. तू फक्त कोश काढून ठेव. मॅडम आता लेख लिहायला घेणार आहेत, त्यात तुझी चिठ्ठी शब्दशः छापायची आहे.

राग सोड.

तुझी भाची


२२ जून

चि. भाचीस,

आज आशीर्वाद लिहायचा अधिकार माझ्याकडे नाही. मामीचा पाठवतो, तो चोख आहे.

चार जुलैला येऊ नकोस. आलीस तर कोश मिळेल, पाठ मिळेल, पाठीवरची बुरशीही मिळेल. पण ती तुझी बुरशी नव्हे. तो तुकडा कोशाचा नव्हताच.

घडलं ते असं. तू गेल्यावर मी खरोखर सुरी घेऊन बसलो होतो. बुरशी नेमकी पाठीवरच्या सोनेरी अक्षरांवर बसलेली. खरवडली असती तर नावातलं शेवटचं अक्षर गेलं असतं. ती पाठ मी अकरा महिने शिवली आहे, बेटा. एवढ्या वेळात लोक घर बांधतात. तीन वेळा सुरी टेकवली, तीन वेळा उचलली. चौथ्या वेळी चष्मा पुसला आणि सुरी ठेवून दिली.

तुला नाही म्हणवत नव्हतं. तेवढ्यात खळीच्या भांड्याकडे लक्ष गेलं. तीन आठवड्यांपूर्वीची खळ कडेला वाळून बसली होती आणि तिच्यावर तशीच हिरवी बुरशी. मी मनात म्हटलं, बुरशी ती बुरशी. "पुस्तक ते पुस्तक" असं कुणी माझ्यासमोर म्हणालं असतं, तर मी त्याला दाराबाहेर काढलं असतं.

पण तुला चामडं हवं होतं, आणि ग्रंथालयातलं चामडं कापवेना. घरी येऊन माझ्या जुन्या चपलेचा मागचा पट्टा कापला. त्यावर खळीची खपली चिकटवली. चिकटवायला तीच खळ वापरली, एवढाच काय तो व्यवहारातला प्रामाणिकपणा. मग चिठ्ठी लिहिली. खोटं लिहिताना माझं अक्षर नेहमीपेक्षा चांगलं येतं, हे मला त्या दिवशी कळलं.

वाटलं, शेकडो नमुन्यांतला एक, दोन दिवस बघतील, टाकून देतील. तू तो ऐंशी लोकांना दाखवशील, वर माझं वाक्य म्हणून दाखवशील, हे कुठल्या कुंडलीत लिहिलेलं होतं? पहिल्या पत्रालाच सांगायला हवं होतं. त्याऐवजी फळ्या, स्क्रू आणि तीन प्रती. बावन्नाव्या वर्षी मी दुसरीतल्या मुलासारखी पोटदुखीची चिठ्ठी लिहीत बसलो. आणि तू मात्र माझी माफी मागितलीस. ते वाचून मी उठून बाहेर गेलो आणि थोडा वेळ बाहेरच राहिलो.

खरी चिठ्ठी उशिरा का होईना देतो. "खळीचं भांडं, दुरुस्ती विभाग, खिडकीखालचं टेबल." खळीत काय, तर मैदा, अर्धा लिटर पाणी, चमचाभर तुरटी, लवंगेच्या तेलाचे दोन थेंब आणि कसर-बुरशी लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद. आमच्या जुन्या बाइंडरची कृती. बुरशी लागू नये म्हणून घालतात आणि तरी लागली, यावरून कृतीची योग्यता तूच ठरव.

तुझ्या मॅडमना माझं नाव सांग आणि दोष माझाच आहे हेही. तुझं काम बुडालं, तर ते मी बुडवलं.

मामा


२५ जून

मामा,

चपलेचा पट्टा.

चौदा प्रकारचं खाद्य, दोन महिने, ऐंशी माणसं आणि "दोनशे वर्षांपूर्वीची ग्रंथबांधणी." चपलेचा पट्टा. मी तो उकळून त्याचं पाणी बुरशीला पाजलं आहे.

मी तुझ्याशी बोलत नाही.

दुसरा कागद, त्याच दिवशी, दुपारी

अजूनही बोलत नाही. फक्त विचारायचं आहे.

तुझं पत्र मॅडमना दाखवलं. दाखवावंच लागलं. त्या गंभीरपणे वाचत गेल्या. चपलेपाशी त्यांचं तोंड वाकडं झालं, पण हसल्या नाहीत, पुढे वाचलं. शेवटच्या परिच्छेदावर थांबल्या. एका शब्दावर बोट ठेवलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मोरचूद म्हणजे तांबंच ना गं?"

मामा, तांबं! तेविसाव्या कपाटाला खेटून बसलेलं ते जनुक! पहिल्या खपलीत तुझी खळ होती, खळीत मोरचूद होतं, म्हणून पहिल्या बशीत पदार्थ मिळाला. पुढच्या बशीत खळ नाही, मोरचूद नाही, पदार्थ नाही. आमच्या खाद्यात तांबं असतं, पण तुझ्या चिमटीपुढे ते म्हणजे समुद्रापुढे अश्रू.

अर्थात हे सगळं अजून "कदाचित" आहे. करून बघेपर्यंत हवेतले इमले. म्हणून ताबडतोब कळव: चिमूटभर म्हणजे किती? ग्रॅममध्ये. आणि भांडं आहे का अजून?

(बोलत नाही.)


१ जुलै

चि. भाचीस,

न बोलणाऱ्या व्यक्तीला उत्तर कसं लिहावं याचा नियम सापडला नाही, म्हणून नेहमीसारखंच लिहितो.

भांड्याचं आधी. ते नाही. म्हणजे भांडं आहे, आतलं नाही. कबुलीचं पत्र टाकून आलो आणि लाजेने ते राखेने, मग साबणाने, मग पुन्हा राखेने घासलं. पश्चात्तापाने माणूस स्वच्छ होतो म्हणतात. निदान भांडं झालं. बुरशी तुमच्याकडे जिवंत आहे, त्यावर भागेल अशी आशा.

आता चिमूट. मी आयुष्यात कधी मोरचूद मोजलं नाही. आमच्या बाइंडरने बोटांना शिकवलं, बोटांनी मला सांगितलं नाही. म्हणून काल पुडी घेऊन कोपऱ्यावरच्या सोनाराकडे गेलो. मामी साक्षीदार म्हणून आली. माझ्या एकट्याच्या शब्दाला सध्या घरात उठाव नाही. सोनार म्हणाला, "साहेब, मणी दाखवा." मी म्हटलं, "मणी नाही, चिमूट तोलायची आहे." त्याने मामीकडे पाहिलं. मामी म्हणाली, "घ्या तोलून. डॉक्टरांनी सांगितलंय."

दहा चिमटी घेतल्या. सर्वांत लहान अडतीस शतांश ग्रॅम, सर्वांत मोठी एकसष्ट. सरासरी अर्ध्या ग्रॅमच्या अलीकडे-पलीकडे. पाणी अर्धा लिटरच, ते मापाच्या भांड्याने घेतो. सगळे आकडे वेगळ्या कागदावर मामीच्या अक्षरात जोडले आहेत. खाली तिची सही आहे. माझी मी मुद्दाम केली नाही.

तिचं एक निरीक्षणही नोंदवतो, शास्त्राला उपयोगी पडलं तर बघ. ती म्हणते, ह्यांना राग आला की चिमूट मोठी होते. सहावी आणि सातवी सोनार हसल्यानंतरच्या आहेत. जानेवारीतली मात्र शांत मनाने घेतलेली असणार, कारण पाठ नुकतीच पुरी झाली होती आणि तू अजून सुरीचं नाव काढलं नव्हतंस.

तुम्ही करून बघा. नाही जमलं तर मला कळव. जमलं तर आधी मॅडमना.

तुझा मामा


३ ऑगस्ट

ती. मामास,

शिरसाष्टांग नमस्कार. आता बोलते आहे.

उघडलं. तेविसावं कपाट उघडलं!

सविस्तर सांगते, कारण तुला पुरावा लागतो आणि आता मलाही लागतो. तुझ्या कृतीने खळ शिजवली. तीन भांडी. एकात मोरचूद आहे, बुरशी नाही. दुसऱ्यात बुरशी आहे, मोरचूद नाही. तिसऱ्यात दोन्ही. बारा दिवस ठेवली. मॅडमचा पहिलाच सवाल होता, "मोरचूद स्वतःच जंतूला मारतं. कड्याचं श्रेय भलत्याला जायचं." म्हणून तिन्हींतून सगळं तांबं काढून टाकलं आणि उरलेल्या अर्काचा एकेक थेंब जंतूवर ठेवला. पहिलं भांडं, काही नाही. दुसरं, काही नाही. तिसरं, कडं! स्वच्छ, गोल, बोटभर. यंत्रानेही तोच पदार्थ दाखवला, जो पहिल्या बशीत दिसून गायब झाला होता. मी आनंदाने ओरडले, तर शेजारच्या टेबलावरची मैत्रीण शांतपणे म्हणाली, "मला दे, मी करते. कुठलं भांडं कुठलं ते सांगू नकोस." तिने केलं. तिलाही तिसऱ्यातच मिळालं.

मॅडमचा अंदाज असा, की तांबं अंगाशी आलं की ही बुरशी शस्त्रं काढते. म्हणजे तुमचा जुना बाइंडर बुरशी मारायला जे घालायचा, त्यानेच ती लढायला उठली. आता काम दोन वर्षं पुढे चालणार आणि माझ्याकडेच राहणार. औषध म्हणशील तर अजून फार लांब आहे, वाटेत दहा घाट आहेत आणि नवव्या घाटातही गाडी दरीत जाऊ शकते. पण गाडी निघाली.

परवा त्याच ऐंशी लोकांसमोर पुन्हा उभी राहिले. पडद्यावर आधीचाच फोटो लावला, "दोनशे वर्षांपूर्वीची ग्रंथबांधणी." मग म्हटलं, "ही चिठ्ठी चुकीची होती," आणि सगळं सांगितलं, चपलेसकट. सभागृह हसायला लागलं ते थांबेना. गेल्या वेळी दोन प्रश्न आले होते, या वेळी सव्वीस आले. एका आजोबांनी चपलेचं माप विचारलं.

मॅडमचा निरोप शब्दशः: "मामांना सांग, खोटी चिठ्ठी लावल्याबद्दल मी त्यांना माफ केलेलं नाही आणि खरी पाठवल्याबद्दल मी त्यांची आभारी आहे. दोन्ही वाक्यं एकाच कागदावर लिही." लिहिली. लेखात नमुन्याच्या नोंदीत असं येणार आहे: "पुस्तकबांधणीच्या खळीचं भांडं, दुरुस्ती विभाग, खिडकीखालचं टेबल." पुढे नमुना देणाऱ्याचं नाव. तुझं. चिमटीच्या तक्त्यासाठी मामीचं.

तू खरा तुकडा पाठवला असतास तर ही बुरशी मिळालीच नसती, हे एकदाच लिहिते. वाच आणि विसर.

आणखी एक, हे वाचताना खुर्चीवर बस. कोशावरची बुरशी घ्यायला सुरी लागतच नव्हती. ओल्या कापसाच्या बोळ्याने हलकेच टिपली तरी पुरते. सोन्याच्या अक्षराला धक्काही लागत नाही. जानेवारीत एका ओळीत विचारलं असतंस, तर एका ओळीत सांगितलं असतं.

सोबत तुझा पट्टा परत पाठवते. वर चिठ्ठी लावली आहे.

तुझी भाची


१२ ऑगस्ट

चि. भाचीस,

अनेक आशीर्वाद, आणि मे महिन्यात राखून ठेवलेला तोही. अक्षर सुधारलेलं नाही, पण व्याजासकट घे.

तुझं पत्र मी टेबलापाशी उभ्याने वाचत होतो. "उघडलं" वाचल्यावर बसलो. कापसाच्या बोळ्यापाशी पुन्हा उठलो. मामी म्हणाली, "काय झालं?" मी सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे अर्ध्या वर्षाच्या बूटमोज्यांचं उत्तर कापूस होतं." ही बाई माणसाला एका वाक्यात आडवं करते.

खरा तुकडा दिला असता तर काय, ते तू सांगितल्याप्रमाणे मी विसरलो. विसरण्यापूर्वी एवढंच मनात आलं, की आमच्याकडे याला घुणाक्षरन्याय म्हणतात. किडा लाकूड खात जातो आणि त्याच्या वाटेत चुकून एखादं अक्षर उमटतं. अक्षर बघून लोक आश्चर्य करतात. किड्याने मात्र त्यावरून स्वतःला पंडित समजू नये. मी समजत नाही. अक्षर आहे हे ओळखलं ते तू आणि तुझ्या मॅडमनी.

सोबत एक लहान बाटली आहे. आत कापसाचा बोळा. मुख्य ग्रंथपालांच्या देखत, त्यांचाच चष्मा लावून, मी कोशाच्या पाठीवरून टिपला. बोळा एवढा जपून धरला होता की ते म्हणाले, "कापूस आहे, तलवार नाही." अक्षर शाबूत आहे. चिठ्ठीवर लिहिलं आहे: "कोश, खंड दुसरा. पाठ, खालून चार बोटं." तीच चिठ्ठी, तेच शब्द. अक्षर या वेळी जरा वाकडं आलं आहे. त्यावरून खात्री करून घे.

खळीत आता मोरचूद तोलून घालतो. काटा घेतला आहे. नव्या मदतनीस बाईंना मी शिकवताना म्हणालो, "अर्धा ग्रॅम." माझा मलाच आवाज ओळखू आला नाही.

राहिला पट्टा. तुझ्या चिठ्ठीसकट पोचला: "चप्पल, डावी. मागचा पट्टा. मालक: मामा." एक शब्द अधिक नाही, एक शब्द उणा नाही. ही चिठ्ठी मी खिडकीखालच्या टेबलावर, खळीच्या भांड्याच्या वर चिकटवली आहे. पट्टा मामीच्या देखरेखीखाली पुन्हा चपलेला शिवला, कोशाच्या पाठीला घातला होता तोच टाका. आज सात महिन्यांनी चपला घालून कामावर गेलो.

वाफेच्या यंत्राने पट्टा दोन दोऱ्यांएवढा आखडला आहे, त्यामुळे डावी चप्पल चालताना टाचेला चावते. मोची म्हणाला, "सैल करून देऊ का?"

मी म्हटलं, "राहू दे. तिचं बरोबर आहे."

तुझा मामा